आयकराच्या शब्दांची ओळख: मुंबईतल्या नव्या नोकरदारांसाठी आणि छोट्या धंद्यांसाठी

पहिल्यांदा आयकर रिटर्न भरणारा माणूस आकडेमोडीत क्वचितच अडतो, बेरीज-वजाबाकी आयकर खात्याचं पोर्टलच करतं. तो अडतो जोडीने येणाऱ्या शब्दांत. उलाढाल आणि उत्पन्न, सूट आणि वजावट, कापलेला कर आणि लागलेला कर, आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसला की आकडे बरोबर असूनही रिटर्न चुकतं, आणि मग रिफंड अडकतो किंवा नोटीस येते. म्हणून रिटर्न भरताना जो क्रम लागतो, त्याच क्रमाने हे शब्द घेऊ. जिथे आकडे दिले आहेत ते आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

पहिली पायरी: वर्ष पक्कं करा

आर्थिक वर्ष म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च. १९६१ च्या आयकर कायद्यात कमाईचं वर्ष आणि त्या कमाईवर कर आकारण्याचं वर्ष अशी दोन वर्षं होती. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ मध्ये हातात आलेला पगार किंवा झालेला नफा हा आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, आणि त्याचं आकारणी वर्ष, ज्याला सगळे असेसमेंट इयर म्हणतात, ते २०२६-२७.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला. त्यात ही दोन वर्षांची भानगड काढून टाकून एकच 'करवर्ष' आणलं आहे. ज्या वर्षी कमावलं तेच करवर्ष. बदल चांगला आहे, पण पहिल्या वर्षी एक मोठा घोटाळा होण्यासारखा आहे. 'असेसमेंट इयर २०२६-२७' आणि 'करवर्ष २०२६-२७' यांचे आकडे सारखे दिसतात, तरी पहिलं म्हणजे मागच्या वर्षाची कमाई आणि दुसरं म्हणजे चालू वर्षाची. २०२५-२६ चं रिटर्न भरताना जो कर द्यायचा तो जुन्या कायद्याखाली, असेसमेंट इयर २०२६-२७ चा. त्याच उन्हाळ्यात चालू धंद्यावर जो आगाऊ कर (वर्ष संपायच्या आधीच भरायचा कर) भरायचा तो करवर्ष २०२६-२७ चा. कर भरण्याचं चलन भरताना इथे बोट चुकलं तर पैसे सरकारकडे जमा होतात, पण तुमच्या रिटर्नशी जुळत नाहीत. 'पे' दाबायच्या आधी ही एक ओळ दोनदा वाचा.

कलमांचे नंबरही नव्या कायद्यात बदलले आहेत. पीपीएफ, विमा यांची वजावट देणारं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं ८०सी आता कलम १२३ झालं आहे. लोक मात्र अजून बरीच वर्षं ८०सीच म्हणणार, म्हणून इथेही जुनेच नंबर ठेवले आहेत.

दुसरी पायरी: पॅन, टॅन आणि आधार

पॅन म्हणजे कर भरणाऱ्याचा कायमचा क्रमांक, दहा अक्षरांचा: पाच अक्षरं, चार अंक, शेवटी एक अक्षर. त्यातलं चौथं अक्षर तुम्ही कोण ते सांगतं. 'पी' असेल तर व्यक्ती, 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, 'एफ' म्हणजे भागीदारी फर्म, 'सी' म्हणजे कंपनी. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला, ज्याला प्रोप्रायटरशिप म्हणतात, वेगळं पॅन नसतं. दुकानाचं नाव काहीही असो, पॅन मालकाचंच, आणि दुकानाचा नफा मालकाच्या इतर उत्पन्नात मिळवूनच कर लागतो. त्यामुळे मालकाने गल्ल्यातून घरखर्चाला घेतलेले पैसे हा धंद्याचा खर्च नसतो आणि मालकाचा पगारही नसतो. ती उचल असते.

टॅन हा दुसऱ्यांचा कर कापणाऱ्याचा क्रमांक. मुंबईतल्या टॅनची सुरुवात 'एमयूएम' अशी होते. तुम्ही फक्त नोकरी करत असाल तर टॅनशी तुमचा संबंध फॉर्म १६ वर, म्हणजे कंपनी देते त्या पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्यावर, कंपनीचा टॅन दिसतो तेवढाच.

पॅन आधारला जोडलेलं आहे का, हे एकदा पोर्टलवर बघून घ्या. जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय धरलं जातं, टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापायचा कर) जास्त दराने कापला जातो आणि रिफंड थांबतो.

दुकानाचा गुमास्ता परवाना, छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी आणि जीएसटी नंबर या तिन्ही गोष्टी आयकरापासून वेगळ्या आहेत. गुमास्ता काढला म्हणून आयकर लागत नाही आणि उद्यम नोंदणी केली म्हणून तो माफही होत नाही. पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात तो व्यवसाय कर. तो महाराष्ट्र सरकारचा असतो आणि वर्षाला २,५०० च्या वर जात नाही. स्वतःचा धंदा असणाऱ्यालाही तो भरावा लागतो, आणि नवीन दुकानदार नेमका हाच विसरतात.

तिसरी पायरी: पैसा कुठून आला ते लिहून काढा

आयकरात उत्पन्नाची पाच शीर्षं आहेत: पगार, घरापासूनचं उत्पन्न, धंदा किंवा व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न. एका कागदावर पाच रकाने पाडा आणि वर्षभरात आलेला प्रत्येक पैसा त्यातल्या एका रकान्यात टाका. या पाचांची बेरीज म्हणजे एकूण ढोबळ उत्पन्न.

पगाराचा रकाना सोपा, कारण कंपनी फॉर्म १६ देते. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ घ्या. दुसरी कंपनी बहुतेक वेळा पहिलीच्या पगाराचा विचारच करत नाही, दोघीही स्लॅबचा, म्हणजे कमी दराच्या टप्प्यांचा, फायदा देऊन बसतात आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना अचानक कर निघतो.

'इतर उत्पन्न' या रकान्यात सगळ्यात जास्त गोष्टी राहून जातात. बचत खात्याचं व्याज, मुदत ठेवीचं व्याज, शेअरचा लाभांश. ठेव मोडली नसली तरी व्याज मोजायचं. बँकेने व्याजावर टीडीएस कापला म्हणजे विषय संपला असंही नाही, ते व्याज उत्पन्नात दाखवायचंच आणि कापलेला कर वजा करून घ्यायचा. मित्राकडून किंवा नात्यात नसलेल्या कुणाकडून वर्षात ५० हजारांहून जास्त भेट मिळाली तर तीही इथे येते. आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको यांच्याकडून आलेली भेट करमुक्त आहे, फक्त बँकेतून आलेली असावी आणि दोन ओळींची चिठ्ठी ठेवावी.

मुंबईतल्या कितीतरी घरांची कोकणात आंब्या-काजूची बाग असते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण करमुक्त म्हणजे रिटर्नमधून गाळायचं असं नव्हे. ते दाखवायचं असतं, आणि पाच हजारांच्या वर गेलं तर बाकीच्या उत्पन्नाचा कर काढताना त्याचा हिशेब धरला जातो. अशा वेळी 'सहज' हा सोपा फॉर्मही चालत नाही. बागेतले हापूस विकले ते शेतीचं उत्पन्न, पण त्याच हापूसचा रस काढून बाटल्यांत भरून दादरला विकला तर रस काढण्या-विकण्यातला नफा धंद्याच्या रकान्यात जातो.

घर भाड्याने दिलं असेल तर मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला महापालिकेचा मालमत्ता कर वजा करायचा आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट घ्यायची. पावत्या लागत नाहीत. रंगकाम केलं असो वा नसो, ३० टक्के मिळतात आणि त्याहून जास्त मिळत नाहीत. गृहकर्जाचं व्याज त्यानंतर वजा होतं.

भांडवली नफा म्हणजे शेअर, म्युच्युअल फंड, सोनं, घर विकून झालेला फायदा. सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेले, शेअर बारा महिन्यांहून जास्त ठेवून विकले तर दीर्घकालीन. त्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, वर १२.५ टक्के. त्याआधी विकले तर २० टक्के. घरासाठी ही मुदत २४ महिन्यांची आहे.

मुंबईत घर विकताना खरा अटकाव येतो तो रेडी रेकनरचा. करारात लिहिलेली किंमत आणि मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेली किंमत यांत फरक असतो. हा फरक १० टक्क्यांपर्यंत असेल तर करारातली किंमत चालते. म्हणजे करार एक कोटीचा आणि सरकारी किंमत एक कोटी आठ लाख असेल तर काही होत नाही. सरकारी किंमत एक कोटी पंधरा लाख निघाली तर मात्र विकणाऱ्याचा नफा एक कोटी पंधरा लाखांवर मोजतात, आणि वरचे पंधरा लाख घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. दोघांनाही फटका. सौदा ठरवण्याआधी मूल्यांकन काढून घ्या, नोंदणीच्या दिवशी नको. २००१ च्या एप्रिलआधी घेतलेल्या जुन्या खोलीसाठी त्या वेळची बाजारभावाची किंमत धरता येते. पुनर्विकासात गेलेली इमारत, पागडीचे हक्क, वारसांत वाटलेली खोली ही प्रकरणं मात्र लेख वाचून सोडवू नयेत. तिथे जाणत्या सीएची फी वाचवण्यात शहाणपण नाही.

चौथी पायरी: धंदा असेल तर उलाढाल आणि नफा वेगळे करा

छोट्या दुकानदारांच्या मनात सगळ्यात मोठी भीती इथे असते. "यूपीआयवर तीस लाख आलेत, आता तीस लाखांवर टॅक्स लागणार का?" अजिबात नाही. तीस लाख ही उलाढाल, म्हणजे टर्नओव्हर. कर लागतो नफ्यावर, आणि उलाढालीतून माल, भाडं, मजुरी, वीज वजा करून जे उरतं तो नफा. उलाढालीचा आकडा इतर गोष्टी ठरवायला लागतो: जीएसटी नोंदणी हवी का, ऑडिट लागेल का, कोणता फॉर्म भरायचा.

सगळ्या वह्या ठेवणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी कायद्यात अनुमानित कराची योजना आहे. दुकान, खानावळ, छोटा कारखाना यांच्यासाठी कलम ४४एडी. उलाढाल दोन कोटींपर्यंत असावी. रोखीतला वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत चालते. या योजनेत बँक किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीच्या किमान ८ टक्के नफा धरतात.

भांडुपला पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एका बाईंचा हिशेब मांडू. वर्षाची विक्री तीस लाख, त्यातले वीस लाख यूपीआयने, दहा लाख रोख. वीस लाखांचे ६ टक्के म्हणजे १,२०,०००. दहा लाखांचे ८ टक्के म्हणजे ८०,०००. दोन्ही मिळून दोन लाख. गॅस, पीठ, बायकांचा पगार, गाळ्याचं भाडं यातून पुन्हा वजा होत नाही, ते सगळं या टक्केवारीत आलं.

आता यातला महत्त्वाचा शब्द 'किमान'. बाईंच्या हातात खरोखर पाच लाख उरले असतील तर पाच लाखच दाखवायला हवेत, कायदाही तेच सांगतो. आणि दाखवल्याने जातं काय? नव्या करव्यवस्थेत (ती पाचव्या पायरीत येते) पाच लाखांवर निघणारा पाच हजारांचा कर रिबेटने, म्हणजे करातल्या माफीने, पूर्ण जातो. दोन लाख दाखवून कर शून्य, पाच लाख दाखवूनही कर शून्य. पण उद्या या बाईंना अंबरनाथला वन रूम किचन घ्यायचं झालं तर बँक मागची दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते, आणि दोन लाखांच्या रिटर्नवर घराचं कर्ज उभं राहत नाही. कमी दाखवायचा सल्ला देणारा एजंट त्या दिवशी तुमच्या शेजारी उभा नसतो. खरा नफा लिहिणं हे कायद्याला धरून तर आहेच, शिवाय तुमच्याच भल्याचं आहे.

या योजनेत एकदा येऊन नंतर ६ किंवा ८ टक्क्यांहून कमी नफा दाखवत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही, शिवाय वह्या आणि ऑडिट मागे लागू शकतं. दलाली किंवा कमिशनवर काम करणाऱ्यांना ही योजना नाही. त्यामुळे इस्टेट एजंट आणि विमा एजंट यांनी खर्चाच्या नोंदी ठेवायच्याच.

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, इंजिनीअर, इंटिरिअर डिझायनर यांच्यासाठी वेगळं कलम आहे, ४४एडीए. त्यात फीच्या किमान ५० टक्के नफा धरतात. मर्यादा पन्नास लाखांची, रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर पंच्याहत्तर लाखांची. या शहरासाठी महत्त्वाचं म्हणजे चित्रपट कलावंतही या यादीत आहेत, आणि त्यात फक्त नट-नट्या नाहीत. कॅमेरामन, संकलक, गीतकार, गायक, पटकथा आणि संवाद लिहिणारे, नृत्यदिग्दर्शक, वेशभूषाकार सगळे आले. गोरेगावच्या चित्रनगरीत काम करणाऱ्या कितीतरी तरुण मुलांना हे माहीत नसतं.

योजनेत असा वा नसा, धंद्याचं खातं वेगळं काढा. दुकानाचा क्यूआर कोड घरच्या बचत खात्याला जोडलेला असला की वर्षअखेरीला पासबुकात वडापावचे साठ रुपये, भावाने परत केलेले वीस हजार, भिशीचे पैसे आणि बायकोचा पगार एकाखाली एक पडलेले असतात. यातली विक्री कोणती, हे मार्चमध्ये तुम्हाला आठवत नाही आणि अधिकाऱ्याला पटवता येत नाही.

वह्या ठेवून रीतसर नफा काढणाऱ्यांनी रोखीचे नियम लक्षात ठेवावेत. एका दिवसात एका माणसाला दहा हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्च साधारणपणे धरला जात नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे आणि हा नियम सगळ्यांनाच आहे. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेऊ नये. यंत्र, फ्रीज, लॅपटॉप अशा वस्तूंची पूर्ण किंमत एका वर्षात खर्च म्हणून वजा होत नाही, दरवर्षी थोडी थोडी होते, त्याला घसारा म्हणतात. यंत्राला १५ टक्के, फर्निचरला १०, संगणकाला ४०.

पाचवी पायरी: सूट, वजावट, रिबेट

तीन शब्द, तीन वेगळ्या जागा. सूट म्हणजे उत्पन्नात मोजायचीच नाही अशी रक्कम, उदाहरणार्थ घरभाडे भत्त्याचा करमुक्त भाग. वजावट म्हणजे उत्पन्नाची बेरीज झाल्यावर त्यातून काढायची रक्कम, उदाहरणार्थ पीपीएफ किंवा विम्याचा हप्ता. वजावटी काढल्यावर उरतं ते करपात्र उत्पन्न. त्यावर स्लॅबप्रमाणे कर निघतो, आणि त्या निघालेल्या करातून जे माफ होतं ते रिबेट. वजावट उत्पन्न कमी करते, रिबेट थेट कर कमी करतो. म्हणून ८०सी मध्ये दीड लाख गुंतवले की दीड लाख कर वाचला, असं होत नाही. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर त्यातून साधारण ४५ हजार वाचतात, ५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये साडेसात हजार.

सध्या दोन करव्यवस्था आहेत आणि काही सांगितलं नाही तर नवी लागू होते. नव्या व्यवस्थेत पहिल्या चार लाखांवर कर नाही. चार ते आठ लाख ५ टक्के, आठ ते बारा १०, बारा ते सोळा १५, सोळा ते वीस २०, वीस ते चोवीस २५, आणि चोवीसच्या वर ३० टक्के. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर साठ हजारांपर्यंतचा कर रिबेटने माफ होतो, म्हणून "पावणेतेरा लाखांपर्यंत पगाराला टॅक्स नाही" असं लोक म्हणतात. शेअरच्या भांडवली नफ्यावरचा कर मात्र या माफीत येत नाही, आणि चार पैसे बाजारात कमावलेले तरुण इथे चकतात.

चौदा लाख पगार असेल तर? ७५ हजार गेले, उरले १३,२५,०००. चार ते आठचे २०,०००, आठ ते बाराचे ४०,०००, वरच्या सव्वा लाखावर १५ टक्क्यांनी १८,७५०. एकूण ७८,७५०. त्यावर ४ टक्के उपकर ३,१५०. कर झाला ८१,९००. उत्पन्न बारा लाखांहून थोडंसंच वर गेलं तर घाबरू नका. १२,१०,००० वर स्लॅबने ६१,५०० निघतात, पण सीमान्त सवलतीमुळे वरचे दहा हजारच कर म्हणून द्यावे लागतात, अधिक उपकर.

जुन्या व्यवस्थेत अडीच लाखांपर्यंत कर नाही, पाचपर्यंत ५, दहापर्यंत २०, पुढे ३० टक्के. दर जास्त, पण सूट आणि वजावटी मोकळ्या: ८०सी चे दीड लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार, राहत्या घराच्या कर्जाचं दोन लाखांपर्यंत व्याज आणि घरभाडे भत्ता.

घरभाडे भत्त्याचं गणित मुंबईकराने शिकून घ्यावंच. तीन आकडे काढायचे आणि सगळ्यात लहान तेवढी सूट. मूळ वेतन महिना ५०,०००, म्हणजे वर्षाला सहा लाख. भत्ता मिळाला तीन लाख, हा पहिला आकडा. दादरला भाडं महिना २८,०००, वर्षाचे ३,३६,०००, त्यातून मूळ वेतनाचे १० टक्के म्हणजे ६०,००० वजा केले की २,७६,०००, हा दुसरा. मुंबईत राहत असाल तर मूळ वेतनाचे ५० टक्के, तीन लाख, हा तिसरा. सूट मिळेल २,७६,००० ची. पण हेच घर ठाण्यात किंवा डोंबिवलीत असतं तर तिसरा आकडा ४० टक्क्यांचा, म्हणजे २,४०,०००, आणि सूट तेवढीच. ऑफिस बीकेसीत आहे की फोर्टात, याला अर्थ नाही, घर कुठे आहे ते बघतात. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर घरमालकाचं पॅन द्यावं लागतं. आई-वडिलांना भाडं देत असाल तर खरोखर बँकेतून द्या आणि त्यांनी ते त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवू द्या.

दोनपैकी कोणती व्यवस्था घ्यायची, ते पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरवर आपले आकडे टाकून बघा. गृहकर्ज आणि मोठं घरभाडं यांपैकी काही नसेल तर बहुतेकांना नवीच परवडते. नोकरदाराला दरवर्षी बदलता येतं. धंदा असणाऱ्याला जुनीत जाण्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा परत नव्यात आलं की पुन्हा जुनीत जाता येत नाही.

सहावी पायरी: आधीच कापलेला कर शोधा

टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने तुमच्या वतीने कापून सरकारकडे भरलेला कर. ती अनामत आहे, अंतिम कर नव्हे. त्या चित्रनगरीतल्या संकलकाचंच बघा. वर्षात नऊ लाखांची बिलं, प्रत्येक बिलातून १० टक्के कापले, म्हणजे ९०,००० गेले. तो ४४एडीए मध्ये साडेचार लाख उत्पन्न दाखवू शकतो. त्यावर कर निघतो २,५००, तोही रिबेटने शून्य. म्हणजे नव्वदच्या नव्वद हजार परत मिळायला हवेत, पण रिटर्न भरलं तरच. "टीडीएस कापलाय, आता काय भरायचं" असं म्हणून कितीतरी मुलं हे पैसे सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

कापलेला कर जमा झाला का, हे २६एएस या विवरणात दिसतं. त्याहून सविस्तर असतं ते एआयएस, वार्षिक माहिती विवरण. त्यात व्याज, लाभांश, शेअरची खरेदी-विक्री, घराचे व्यवहार, बचत खात्यात भरलेली मोठी रोख असं सगळं उतरतं. रिटर्न भरण्याआधी ते डाउनलोड करून तिसऱ्या पायरीतल्या कागदाशी ताडून पाहा. एआयएसमधली नोंद चुकीची असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते.

कधी कधी कापणारे तुम्हीच असता. पन्नास लाख किंवा जास्त किमतीचं घर घेताना खरेदीदाराने १ टक्का कापून भरायचा असतो. मुंबईत एवढी किंमत वन बीएचकेलाही लागते. विकणारा परदेशस्थ असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही, कर खूप जास्त कापावा लागतो, आधी विचारून घ्या. महिना पन्नास हजारांहून जास्त भाडं देणाऱ्या व्यक्तीनेही २ टक्के कापायचे असतात.

सातवी पायरी: उरलेला कर, रिटर्न आणि पडताळणी

टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर दहा हजार किंवा जास्त राहणार असेल तर तो वर्षातच भरायचा, त्याला आगाऊ कर म्हणतात. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. अनुमानित योजनेतल्यांनी एकदाच १५ मार्चपर्यंत भरला तरी चालतो. उशीर झाला तर महिन्याला १ टक्का व्याज. धंदा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कर नाही. रिटर्नच्या वेळी उरलेला कर भरतात तो स्वयंनिर्धारण कर.

फॉर्म निवडताना: पगार, घर, व्याज एवढंच असेल तर 'सहज' म्हणजे आयटीआर-१. घर विकून नफा झाला असेल, किंवा शेअरचा अल्पकालीन नफा किंवा सव्वा लाखाच्या वर दीर्घकालीन नफा असेल तर आयटीआर-२. अनुमानित योजनेचा 'सुगम' म्हणजे आयटीआर-४. वह्या ठेवणारा धंदा असेल तर आयटीआर-३. नोकरदारांसाठी तारीख साधारण ३१ जुलै असते. उशिराचं शुल्क पाच हजार, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार.

रिटर्न 'सबमिट' झालं म्हणजे भरलं गेलं नाही. तीस दिवसांत ते ई-व्हेरिफाय करायचं असतं, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. हे राहिलं की रिटर्न भरलंच नव्हतं असं धरतात. रिफंडसाठीचं बँक खातं पोर्टलवर 'व्हॅलिडेट' केलेलं असावं.

आठवी पायरी: कागद आला तर

रिटर्नची छाननी बेंगळुरूच्या केंद्रात होते. तिथून सगळ्यांनाच १४३(१) ची सूचना येते. त्यात तुमचे आकडे आणि विभागाचे आकडे शेजारी शेजारी असतात. जुळले तर काम झालं. न जुळल्यास फरक कुठे आहे ते बघून उत्तर द्या. १३९(९) म्हणजे रिटर्न सदोष आहे, दिलेल्या मुदतीत दुरुस्त करून भरा. १४३(२) म्हणजे सविस्तर तपासणी, इथे सीएला बरोबर घ्या. बहुतेक कामं आता पोर्टलवरूनच होतात, महर्षी कर्वे रोडवरच्या आयकर भवनात खेटे घालावे लागत नाहीत.

विभागाच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो. पोर्टलवर तो टाकून पत्र खरं आहे का ते तपासता येतं. रिफंडसाठी लिंक दाबा, असा मेसेज आला तर लिंक दाबू नका. थेट शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असलेल्या अधिकृत पोर्टलवर जाऊन बघा.

आणि पोर्टलवरच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे, ते आजच उघडून पाहा. पूर्वी एखाद्या एजंटकडून रिटर्न भरून घेतलं असेल तर तिथे त्याचाच नंबर असण्याची शक्यता असते. मग विभागाच्या सगळ्या सूचना त्याला जातात आणि तुम्हाला कळतं ते मुदत टळून गेल्यावर. आपला नंबर घाला, पासवर्ड बदला आणि मग त्याच खात्यातून २६एएस आणि एआयएस डाउनलोड करून घ्या.